कॅलिफोर्नियातलं लॉक : चिनी माणसांनी वसवलेलं गाव आणि बाबांचा सातबाऱ्याचा प्रश्न

अबोली :

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असते, पण परवाच्या शनिवारपासून एक गाव डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

सासरे (मी त्यांना बाबाच म्हणते) सध्या आमच्याकडे फ्रीमाँटला आलेत. पेणजवळच्या खारेपाटातले, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या (याला खारबंदिस्ती म्हणतात) जमिनीच्या भागातले, सगळा जन्म भातशेतीत गेलेला. गोल्डन गेट झाला, लास व्हेगास झालं, सगळीकडे बाबा कौतुकाने बघायचे पण फार बोलायचे नाहीत. शेवटी एक दिवस म्हणाले, "इथली शेती कुठं असते ती दाखवा की एकदा." मग नवऱ्याने सॅक्रामेंटो नदीच्या डेल्टाकडे जायचं ठरवलं. ६८० नंबरच्या हायवेने वर जाऊन अँटिऑकचा पूल ओलांडला आणि १६० नंबरचा रस्ता धरला. हा रस्ता बराचसा बांधावरूनच जातो, एका हाताला भरून वाहणारी नदी आणि दुसऱ्या हाताला शेतं, आणि नीट बघितलं की कळतं की शेतं नदीच्या पाण्याहून कितीतरी खाली आहेत. बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरले, बांधाच्या दोन्ही अंगांना बघितलं, पायाने माती दाबून बघितली आणि म्हणाले, "अगं ही तर खारबंदिस्ती! पाणी गोडं असेल, पण काम आपलंच आहे. कोणी घातला हा बांध?"

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे अर्ध्या तासावर मिळालं. आयल्टन मागे टाकलं, वॉलनट ग्रोव्हचा पूल ओलांडून डावीकडे वळलो की लगेच लॉक. पटकन निघून जाल असं गाव. बांधावरच्या रस्त्यावरून नुसती जुन्या लाकडी इमारतींची पाठ दिसते, गाव खाली आहे, उतरून जावं लागतं. एकच मुख्य रस्ता, तोही इतका अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला थांबावं लागेल. दोन्ही बाजूंना दुमजली लाकडी घरं, वर सज्जे, खाली फळ्यांचा ओटा, रंग उडून लाकूड पार राखाडी झालेलं, काही इमारती चक्क शेजारणीच्या खांद्याला टेकल्यासारख्या कललेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिनिटांत जाता येतं. जुलैचं ऊन, दुपारचे दोन, रस्त्यावर आम्ही आणि एक मांजर. दारांवर चिनी अक्षरं. मी इतकी शांतता अमेरिकेत गावात कधी अनुभवली नव्हती, जंगलात अनुभवलीये पण ती वेगळी.

थोडक्यात इतिहास सांगते. शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमध्ये चिनी वस्ती होती, ती ७ ऑक्टोबर १९१५ ला आगीत जळाली. तिथले जे झोंगशान भागातून आलेले लोक होते त्यांनी ठरवलं की आता आपलं वेगळं गाव करायचं. ली बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने काही जण जॉर्ज लॉक या जमीनमालकाकडे गेले आणि त्याच्या नासपतीच्या बागेच्या कडेची जागा मागितली. तिथे दोन-तीन इमारती आधीपासून होत्या. तोंडी करार झाला, जागेचं भाडं ठरलं आणि गाव उभं राहिलं. तोंडीच का, तर १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात चिनी माणसाला जमीन विकत घ्यायला बंदी होती. म्हणजे घर तुमचं, भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, खालची माती मात्र मालकाची.

गावाच्या टोकाला जुनं बोर्डिंग हाउस आहे, तिथे आता स्टेट पार्कचं माहिती केंद्र आहे. तिथे एका बाईंनी फार आपुलकीने सगळं सांगितलं, नवरा भाषांतर करत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग सातबारा कोणाच्या नावावर?"

आता सातबारा इंग्रजीत कसा सांगणार! नवऱ्याने कसंबसं सांगितलं. बाईंना बरोब्बर कळलं. म्हणाल्या, गाव वसलं १९१५ ला आणि घरमालकांना खालची जमीन स्वतःच्या नावावर करून घेता आली २००४ च्या सुमाराला. सरकारी गृहनिर्माण संस्थेने आधी ती जमीन विकत घेतली, तिचे तुकडे पाडले आणि मग ते घरमालकांना विकले.

बाबांनी बोटांवर मोजलं. एकोणनव्वद वर्षं. बाहेर येऊन ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ज्यांनी बांध घातले त्यांनाच जमीन नाही."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनात आहे. कोणी गेलंय का इथे? अजून माहिती असेल तर लिहा, मला खरंच हवी आहे.

शेवंता :

अबोली, किती छान लिहिलंस. आम्ही सॅक्रामेंटोत सात वर्षं राहतोय, आय-फाइव्हवरून शंभर वेळा गेलो असू, हे गाव अर्ध्या तासावर आहे आणि माहीतच नव्हतं. मुलांना नेण्यासारखं आहे का? नऊ आणि बारा. आणि बाथरूम, जेवण वगैरे सोय?

उनाडपक्षी :

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा बाइकवरून, दहा मिनिटं फोटो काढले आणि निघालो, काही म्हणता काही कळलं नाही. दुसऱ्यांदा एका चिनी मित्राबरोबर गेलो, त्याच्या पणजोबांनी डेल्टात ॲस्परॅगस कापलेला, तेव्हा चार तास कमी पडले. त्यामुळे माझं मत असं की फोटो काढायला जाऊ नका, म्युझियमं उघडी असतील तेव्हाच जा, बहुतेक वीकेंडला असतात पण वेळा बघून निघा. डाय लॉय चुकवू नका. जुगाराचा अड्डा होता तो, १९१६ पासून १९५१ पर्यंत चालला, मग राज्य सरकारने बंद केला, आता म्युझियम आहे. फान-तान या चिनी जुगाराची टेबलं अजून तशीच. लॉटरीची तिकिटं आहेत त्यांच्यावर ऐंशी चिनी अक्षरं असतात, ती त्यांच्याकडे लहान मुलांना अक्षर शिकवायला एक हजार अक्षरांचं जुनं काव्य आहे त्यातली पहिली ऐंशी. अमेरिकन कॅसिनोत आज जे कीनो खेळतात ते यातूनच आलंय.

जेवणाचं म्हणाल तर रस्त्यावर एक जुनं हॉटेल-कम-बार आहे, १९३४ पासूनचं, जागा मूळची ली बिंगच्याच रेस्टॉरंटची. छताला डॉलरच्या नोटा चिकटवलेल्या, आणि स्टेकबरोबर पीनट बटर देतात ही त्याची ख्याती. शाकाहारी असाल तर घरून डबा घेऊन जा हेच बरं.

शेवंता :

धन्यवाद. पण जुगाराचा अड्डा बारा वर्षांच्या मुलाला कसा दाखवायचा, काय सांगायचं हा प्रश्न आहेच. दारू, जुगार, आणि तिथे वेश्यावस्तीही होती म्हणे. गावाचं कौतुक करताना हे पण लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

जुनाकागद :

शेवंताताई, प्रश्न रास्त आहे, पण तो अड्डा तिथे का होता हे मुलाला सांगता आलं तर अवघड जाणार नाही. थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेचा पूर्व-पश्चिम जोडणारा रेल्वेमार्ग १० मे १८६९ ला पुरा झाला. सिएरा नेवाडाच्या डोंगरातला सगळ्यात कठीण भाग चिनी मजुरांनी केला होता. काम संपलं, हजारो माणसं मोकळी झाली. त्याच सुमाराला डेल्टातल्या दलदलीच्या जमिनी स्वस्तात घेतलेल्या लोकांना बांध घालून हवे होते. कंत्राटदारांनी चिनी माणसं आणली. फावडं, हातगाडी आणि कंबरभर चिखल, रोज साधारण एक डॉलर. १८८० नंतर यंत्रं आली पण तोपर्यंत १८६० ते १८८० च्या दरम्यान सुमारे ८८,००० एकर जमीन पाण्यातून वर निघालेली होती. घोड्यांचे खूर त्या भुसभुशीत मातीत रुतायचे म्हणून त्यांच्यासाठी रुंद, पसरट जोडे केलेले, ते तिकडच्या म्युझियममध्ये ठेवलेत.

आणि जमीन तयार झाल्यावर काय झालं? १८८२ ला कायदा आला की चिनी मजुरांनी या देशात यायचंच नाही. आधीपासून असलेल्यांना नागरिकत्व नाही. व्यापारी असेल तर बायकोला आणू शकायचा, मजूर असेल तर नाही. त्यामुळे तीस-चाळीस वर्षं एकट्याने काढलेली माणसं गावोगाव होती. बायको-मुलं समुद्रापलीकडे, पैसे पाठवायचे, पत्रं लिहून घ्यायची. अशा माणसाला पावसाळी दिवशी जायला जागा कुठली? डाय लॉय. तिथे चहा फुकट, वर्तमानपत्र वाचायला मिळायचं, कुठल्या बागेत माणसं हवीत ते कळायचं. जुगारात त्याची कमाई जायची हेही खरंच, मी ते झाकत नाही. पण ते ठिकाण म्हणजे नुसता जुगार नव्हता. १८८२ चा तो कायदा १९४३ ला उठला, चीन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढत होता तेव्हा.

मी तर माझ्या मुलीला ते दाखवून मग शाळा दाखवली. एका गावात अड्डा होता तशी शाळाही होती, दोन्ही त्याच लोकांनी पैसे घालून चालवली.

अबोली :

जुनाकागद, मनापासून आभार. हो, शाळा! ती लिहायची राहूनच गेली. १९२६ ची आहे. बाहेर कन्फ्यूशियस आणि चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांचे पुतळे. आत लाकडी बाकं, फळा. दिवसा मुलं अमेरिकन शाळेत जायची, संध्याकाळी इथे चिनी शिकायची. आणि अमेरिकन शाळा म्हणजे गोऱ्या मुलांची नाही हं, वॉलनट ग्रोव्हला चिनी-जपानी मुलांसाठी वेगळी शाळा होती. शेतं शेजारी, घरं शेजारी, पण वर्ग वेगळे. मला त्या बाकावर बसल्यावर आमच्या मुलाची रविवारची मराठी शाळा आठवली, तो किती कुरकुरतो जायला. या मुलांनी रोज दोन-दोन शाळा केल्या.

बोर्डिंग हाउसबद्दलही सांगते. ते चिनी नव्हतं, १९२० च्या दशकापासून एक जपानी कुटुंब चालवायचं, शेतमजूर राहायचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, जपानी लोकांना उचलून कॅम्पात नेलं तेव्हा तेही गेले. भिंतीवर त्या कुटुंबाचे फोटो आहेत. मला तिथून पाय निघेना.

रांगेत_उभा :

लेख आवडला. आणि सातबाऱ्याचा प्रश्न वाचून थेट स्वतःचीच गोष्ट वाटली. मला ग्रीन कार्डच्या रांगेत तेरा वर्षं झाली. इथे टॅक्स भरतो, घर घेतलं, मुलं इथे जन्मली आणि व्हिसा स्टँपिंगला जाताना अजून पोटात गोळा येतो. आपण म्हणजे आजचे लॉकवालेच.

अबोली :

तुमचा त्रास मला माहीत आहे, आमच्या घरातही दहा वर्षं काढलीत. पण ही तुलना मला पटत नाही, रागावू नका. आम्ही फ्रीमाँटला घर घेतलं तेव्हा व्हिसावरच होतो आणि त्या दिवशी कागदावर सही केली की जमीन आमची झाली. आमच्यासाठी ते शक्य आहे कारण आमच्या आधी कोणीतरी कोर्टात भांडलं. कॅलिफोर्नियाचा जमीनबंदीचा कायदा १९५२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला, आणि खटला एका जपानी माणसाने लढवला होता. आपल्या रांगेबद्दल बोलू, जरूर बोलू, पण लॉकच्या माणसांच्या जागी स्वतःला बसवण्याआधी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ एवढंच.

रांगेत_उभा :

रागावलो नाही. विचार करतोय. खरं तर घराचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

जुनाकागद :

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. तो १९१३ चा कायदा 'ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परक्यांना' जमीन नाही, असा होता. भारतीयांना आधी काही ठिकाणी नागरिकत्व मिळत होतं. १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांनाही अपात्र ठरवलं, आणि मग कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरीसुद्धा त्याच कायद्याखाली आले. म्हणजे रांगेत_उभा, नातं आहेच, फक्त आजचं नाही, शंभर वर्षांपूर्वीचं.

आणि मराठी माणूस म्हणून सांगायचं तर त्या काळी या पश्चिम किनाऱ्यावर आपलीही माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे सॅन राफेलच्या लष्करी शाळेत शिकले, ओरेगॉनला शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे इकडे शिकायला आले, गदरमध्ये गेले आणि हिंदुस्थानात परतले. लॉकची पहिली घरं उभी राहत होती त्याच दिवसांत, १६ नोव्हेंबर १९१५ ला, पिंगळ्यांना लाहोरला फाशी झाली. तारखा शेजारी ठेवून बघितल्या की मला तर काही सुचत नाही.

खारेपाटकर :

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय या विभागात. अबोलीताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, आम्ही अलिबागकडचे.

ज्याने खारबंदिस्ती बघितली नाही त्याला कळणार नाही ते काय बोलले ते. बांध म्हणजे एकदा घातला आणि झालं असं नसतं. उधाण आलं की रात्री कंदील घेऊन बांधावर जायचं, खेकड्याचं बीळ दिसलं तर लगेच चिखल भरायचा, कारण त्याच बिळातून सकाळपर्यंत खांड जाते आणि खांड गेली की तीन वर्षं तरी त्या शेतात भात नाही, खारं पाणी बसतं. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप सडली की गाव गोळा. माझ्या आजोबांच्या पायांना कायम चिखल्या. तर ज्यांनी ८८ हजार एकर फावड्याने काढली त्यांच्या पायांचं काय झालं असेल?

आणि जमीन खोताची हे आमच्याकडे कोणाला सांगायला लागत नाही. चरीचा संप ऐकलाय का? अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या मागे शेतकऱ्यांनी ठरवलं की खोताची जमीन पेरायची नाही. सहा वर्षं पेरली नाही. लोकांनी लाकडं तोडून विकली, करवंदं विकून पोटं भरली, पण संप मोडला नाही. त्यानंतर कुळाला कायद्यात नाव मिळालं, पुढे १९४८ चा कूळ कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आमच्या घरात तो सातबाऱ्याचा उतारा देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेला असायचा. लॉकच्या लोकांना २००४ उजाडलं म्हणता, मला वाचून कसंतरीच झालं.

अबोली :

खारेपाटकर, बाबांना वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद. ते दोनदा वाच म्हणाले. आणि म्हणाले की चरीच्या संपाच्या गोष्टी त्यांची आई सांगायची.

नदीकाठ :

थोडं वेगळं मत मांडतो. मी तिथे गेलो तेव्हा मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. आज गावात शंभर माणसंसुद्धा राहत नाहीत, आणि त्यात चिनी अगदी मोजके. एके काळी सहाशे लोक कायम राहायचे, हंगामात हजारावर जायचे. नाटकगृह होतं, बेकऱ्या, औषधांची दुकानं होती. मग हे चिनी गाव आहे का नुसतं चिनी गावाचं जतन केलेलं लाकूड आहे? १९९० ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं, फलक लावले, पण जमीन देऊन टाकायला पुढे चौदा वर्षं लागली. तोवर मुलं शिकून सॅक्रामेंटोला, सॅन फ्रान्सिस्कोला गेली होती. लाकडाला आधी मान आणि माणसांना नंतर.

उनाडपक्षी :

नदीकाठ, मुलं गेली ती जमीन नव्हती म्हणूनच गेली असं नाही ना. माझ्या मित्राचे आजोबा म्हणायचे की आम्ही नासपती तोडल्या म्हणजे तुम्ही तोडायला नकोत. गाव रिकामं झालं हे काही अंशी गावाचं यशच आहे. आपल्या कोकणातली गावं बघा, घराला कुलूप आणि पोरं मुंबईला.

नदीकाठ :

कुलूप लावून जाणं आणि कुलूपच आपलं नसणं यात फरक आहे. कोकणातला माणूस निवृत्त होऊन परत जातो, आंब्याची कलमं लावतो. इथे परत येऊन लावायला स्वतःची जागा नव्हती. पण तुमचा मुद्दाही कळतो.

डॉकयार्डवाला :

धागा वाचताना एका शब्दावर थांबलो. ताई, तुम्ही लिहिलंय की झोंगशानचे लोक वेगळे झाले. म्हणजे वॉलनट ग्रोव्हला राहिले ते सी यापचे, म्हणजे 'चार परगण्यांचे' लोक असणार, बरोबर? कारण आमच्या माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, एक चिनी देऊळ आहे, सी यिप कून. १९१९ चं. तेच नाव, तेच चार परगणे! दोन मजली साधी इमारत, बाहेरून लक्षातही येत नाही, लाल दरवाजा. वरच्या मजल्यावर ग्वान गाँग हा देव, खाली ग्वान यिन ही देवी. माझं लहानपण त्याच गल्लीच्या आसपास गेलं. एकेकाळी गोदीत बरेच चिनी खलाशी असायचे, कोणी दाताचे डॉक्टर, कोणाची सलून. आता देवळाची काळजी घेणारं कुटुंब आहे, चिनी नवीन वर्षाला उरलेसुरले लोक मुंबईभरातून येतात.

तुम्ही १९४२ च्या जपानी कॅम्पबद्दल लिहिलंत. आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी-भारतीयांना राजस्थानात देवळीच्या कॅम्पात नेलं होतं, आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडचे बरेच. म्हातारी माणसं, पोरं, सगळी. काहींना वर्षानुवर्षं ठेवलं. परत आले तर घरं-दुकानं गेलेली. हे शाळेत आम्हाला कोणी शिकवलं नाही. मी हे अमेरिकेचं बरं-वाईट मोजायला सांगत नाहीये, आपल्या गल्लीतलंही बघावं म्हणून सांगतोय. मुंबईत असाल तर त्या देवळात एकदा जाऊन या, शांतपणे, चप्पल काढून.

जुनाकागद :

डॉकयार्डवाला, बरोबर ओळखलंत. सी यापचे लोक वॉलनट ग्रोव्हलाच राहिले आणि त्यांनी वस्ती पुन्हा बांधली, ती १९३७ ला परत जळाली. बोली वेगळी, मंडळं वेगळी, त्यामुळे आधीपासून थोडं अंतर होतंच. बाहेरून बघणाऱ्याला सगळे 'चिनी', पण आत परगणे. पुण्या-मुंबईच्या मंडळातला कोकणस्थ-देशस्थ-वऱ्हाडी हिशोब आठवा म्हणजे कळेल. झोंगशान म्हणजे सन यत-सेन यांचा जिल्हा, त्यांच्याच नावावरून १९२५ ला हे नाव पडलं, म्हणून शाळेपुढे त्यांचा पुतळा.

जाणाऱ्यांसाठी अजून एक, येताना आयल्टनला थांबा. तिथली चिनी वस्तीही १९२६ ला जळाली, मग बांधताना लोकांनी दर्शनी भागाला पत्रे ठोकले, पुन्हा आग लागू नये म्हणून. बिंग काँग टाँग या चिनी मंडळाची इमारत दुरुस्त केली आहे, बघण्यासारखी आहे.

आगीवरून आठवलं. लॉकसारख्या लाकडी गावात रात्री गस्त असायची. एक माणूस लाकडी पेटी वाजवत फिरायचा, बोक, बोक, वेळ सांगत आणि सगळं ठीक आहे हे कळवत. मुलं त्याला बोक-बोक माणूसच म्हणायची. पोलीस नव्हते गावात, हाच.

खारेपाटकर :

आमच्याकडे रामोशी फिरायचा तसा. तो आवाज आला की आजी म्हणायची झोपा आता.

शेवंता :

जाऊन आलो गेल्या रविवारी! जुनाकागद, तुम्ही सांगितलं तसंच केलं, आधी रेल्वेचं आणि बांधाचं सांगितलं, मग डाय लॉय, मग शाळा. मोठ्या मुलाने विचारलं की आई, त्या मजुरांची मुलं त्यांना कधी भेटली? मी म्हटलं काहींची कधीच नाही. मग तो बराच वेळ गप्प होता गाडीत. धाकटीला जुन्या कमोडमध्ये फुलझाडं लावलेली बाग सगळ्यात जास्त आवडली, ते एक तिथलं वैशिष्ट्यच आहे म्हणे. डबा नेला होता, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, नदीकाठी झाडाखाली खाल्ली. ऊन भयंकर आहे, टोप्या आणि पाणी भरपूर न्या. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या टपरीवर नासपती घेतल्या, अजून जरा कच्च्या आहेत, कागदात गुंडाळून ठेवल्यात.

रांगेत_उभा :

आम्ही लेबर डेला जातोय. आई-बाबा पण आहेत. पार्किंगचं काय?

अबोली :

पार्किंगला त्रास नाही. मुख्य रस्त्यावर नका लावू, बांधावरच्या रस्त्याच्या कडेला जागा असते, तिथून पायऱ्यांनी खाली उतरा. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच सोडून मग गाडी वर न्या.

आम्ही काल परत गेलो होतो. बाबांना गणपतीला पेणला पोचायचंय, शनिवारचं तिकीट आहे, आणि निघण्याआधी कुठे जायचं विचारलं तर म्हणाले, तिकडेच. या वेळी म्युझियम वगैरे काही नाही, सरळ घरांच्या मागे गेले, तिथे गावाची भाजीची बाग आहे, सगळ्यांचे वाफे वेगवेगळे. एक म्हाताऱ्या चिनी आजी मांडवाखाली बसून काहीतरी तोडत होत्या. बाबांनी लांबूनच हात जोडले. आजींनी मान हलवली आणि आत बोलावलं. कारल्याचा वेल होता, आपल्यासारखीच पानं, कारलं मात्र फिकट, लांब आणि गुळगुळीत. बाबा मराठीत बोलत होते, आजी चिनीत, आणि दोघांनाही थांबावंसं वाटत नव्हतं. एका बाजूला मांडवाची दोरी सैल झाली होती, बाबांनी विचारून ती सोडली, परत आवळून बांधली, आमच्याकडे बांधतात तशी दुहेरी गाठ. आजींनी गाठ ओढून बघितली, मग आत जाऊन दोन कारली घेऊन आल्या.

काल रात्री चिंच-गूळ घालून केली. बाबा म्हणाले कडूपणा कमी आहे, पण चव आहे.